मुरलीकांत पेटकर आपल्याला माहीत का नव्हते?

जून 2024 मध्ये 'चंदू चॅम्पियन' लागला तेव्हा आमच्या इस्लामपूर भागातली निम्मी मंडळी तो बघून आली. त्यानंतर आठवडाभर मला फोन येत होते. "अरे, हा तर आपल्या पेठचा माणूस! आपल्याला कसं माहीत नव्हतं?" एका मित्राने जरा धीटपणे विचारलं, "तुला तरी माहीत असायला पाहिजे होतं की, तू त्यातलाच." त्यातला म्हणजे अपंग. माझा डावा पाय लहानपणी पोलिओने गेला, तेव्हापासून कॅलिपर. मित्राचा राग आला नाही, कारण प्रश्न बरोबर होता. पेठ माझ्या गावापासून सायकलने जाता येईल इतक्या अंतरावर. मी शाळेत असताना ऑलिम्पिकची माहिती पाठ करायचो. खाशाबा जाधव माहीत, मिल्खा सिंग माहीत, पी. टी. उषाची हुकलेली संधी तर सेकंदाच्या अंशासकट माहीत. पेटकर मात्र माहीत नव्हते. 2018 ला पद्मश्री जाहीर झाली तेव्हा मी हे नाव पहिल्यांदा नीट वाचलं. तेव्हा माझं वय चाळीसच्या पुढे होतं.

म्हणून हा लेख. लांब आहे, सवडीने वाचा. कोणावर खापर फोडायचं नाहीये, पण हिशोब मांडायचाय. कारण एखादा माणूस चाळीस-पंचेचाळीस वर्षं लोकांना माहीत नसतो, तेव्हा तो आपोआप विसरला गेलेला नसतो. कुणीतरी बातमी द्यायची राहिलेली असते.

हायडेलबर्ग, ऑगस्ट 1972

आधी घटना सांगतो. मुरलीकांत पेटकर सैन्यात ईएमईमध्ये होते, बॉक्सर होते. 1965 च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. उपचाराचा भाग म्हणून ते पोहायला लागले. 1968 च्या तेल अवीवच्या पॅरालिम्पिकला ते टेबल टेनिस खेळले. ऑगस्ट 1972 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी 37.33 सेकंदांची वेळ दिली. सुवर्णपदक आणि जागतिक विक्रम. पॅरालिम्पिकमधलं भारताचं हे पहिलं सुवर्ण.

ही स्पर्धा म्युनिकला का नव्हती, याचीही एक गोष्ट आहे. म्युनिकच्या क्रीडाग्रामातली घरं ऑलिम्पिकनंतर खाजगी लोकांकडे जायची होती, म्हणून व्हीलचेअरवरच्या खेळाडूंना हायडेलबर्गला पाठवलं गेलं. ऑलिम्पिकच्या आधीच हे सामने उरकले. म्हणजे जगभरचे पत्रकार म्युनिकला सामान घेऊन पोहोचायच्या आत पेटकरांचं पदक जिंकून झालं होतं. पुढे सप्टेंबरमध्ये म्युनिकला इस्रायली खेळाडूंचं हत्याकांड झालं आणि जगाचं सगळं लक्ष तिकडे गेलं. आपल्याकडे हॉकीच्या कांस्यपदकाची चर्चा झाली. मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला, म्हणजे टीव्हीचा प्रश्नच नव्हता. जे काही पोहोचायचं ते वर्तमानपत्रातून आणि रेडिओवरून.

ही कारणं खरी आहेत. ती मी मुद्दाम सांगतोय, कारण "अपंग होते म्हणून डावललं" असं एका वाक्यात म्हणणं सोपं आहे आणि अर्धवट आहे. खाशाबा जाधव धडधाकट होते. 1952 ला हेलसिंकीहून कांस्य घेऊन आले, गोळेश्वरला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पण त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. सांघिक खेळ आणि क्रिकेट सोडून बाकीच्यांना विसरायची आपल्याला जुनी सवय आहे.

तरीही एक फरक राहतो. खाशाबांचं नाव निदान तोंडी चालत राहिलं. तालमीतल्या वस्तादांनी ते पोरांना सांगितलं. पेटकरांचं नाव पुढे न्यायला तालीम नव्हती. अपंगांचा खेळ म्हणजे दवाखान्यातली करमणूक, अशीच समजूत होती, आणि दवाखान्यातल्या करमणुकीची बातमी क्रीडापानावर लागत नाही. पेटकरांनी 1982 ला अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला तो नाकारला गेला. पद्मश्री 2018 ला, आणि अर्जुनचा जीवनगौरव जानेवारी 2025 मध्ये. 1972 ते 2025, हिशोब तुम्हीच करा.

हा खेळ दवाखान्यातच सुरू झाला होता

ही समजूत आली कुठून, तेही बघू. पॅरालिम्पिकची सुरुवात खरोखरच दवाखान्यात झाली. लुडविग गुटमन हे ज्यू डॉक्टर नाझी जर्मनीतून 1939 ला इंग्लंडला आले. स्टोक मँडेविल रुग्णालयात मणक्याला मार लागलेल्या सैनिकांसाठी त्यांनी विभाग काढला. त्या काळी असे रुग्ण फार दिवस जगत नाहीत असंच धरलं जायचं. गुटमननी त्यांना अंथरुणातून उठवलं, खेळायला लावलं. 29 जुलै 1948 ला, लंडन ऑलिम्पिक ज्या दिवशी सुरू झालं नेमक्या त्याच दिवशी, रुग्णालयाच्या आवारात 16 जखमी सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. त्यातून 1960 ला रोमची पहिली पॅरालिम्पिक झाली.

पेटकर म्हणजे अगदी याच वाटेवरचे. युद्धात जखमी, दवाखान्यात पोहणं, तिथून पदक. पण दवाखान्यातून मैदानावर आलेला माणूस खेळाडू झाला, हे बातमीदारांच्या डोक्यात शिरायला बरीच दशकं गेली. माणूस तलावात सदतीस सेकंदांत पन्नास मीटर जात होता आणि आपण मात्र अजून त्याच्या तब्येतीची चौकशी करत होतो.

चंद्राचा हात

याच्या बरोबर एक वर्ष आधीचं उदाहरण घ्या. 24 ऑगस्ट 1971, ओव्हल. भागवत चंद्रशेखरने 38 धावांत 6 बळी घेतले आणि अजित वाडेकरांच्या संघाने इंग्लंडमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकली. चंद्राच्या उजव्या हाताला लहानपणी पोलिओ झाला होता. तो चेंडू टाकायचा त्या उजव्या हाताने आणि क्षेत्ररक्षण करताना फेकायचा डाव्या हाताने.

आमच्या घरातले थोरले चंद्राबद्दल बोलायचे ते आठवा. "त्याचा गुगली फलंदाजाला कळायचा नाही. त्याचा लेगस्पिनर मध्यमगतीवाल्यासारखा यायचा." हाताचा उल्लेख व्हायचा, पण गोलंदाजीचं कारण म्हणून. बारीक मनगट चाबकासारखं कसं फिरतं, हे सांगायला. "बिचारा" हा शब्द मी चंद्राबद्दल कधी ऐकला नाही. 242 कसोटी बळी घेणाऱ्याला बिचारा कोण म्हणणार?

म्हणजे आपल्या लिहिणाऱ्यांना जमत नव्हतं असं नाही. अपंगत्व असलेल्या माणसाबद्दल खेळाच्या भाषेत लिहायला 1971 मध्येही जमत होतं. अट एकच होती, तो धडधाकटांच्या मैदानात धडधाकटांना हरवत असला पाहिजे. अपंगांच्या मैदानात जिंकला की भाषा बदलायची, आणि बहुतेक वेळा भाषाच नसायची.

1984: एकाच वर्षातल्या दोन गोष्टी

1984 साली लॉस एंजेलिसला पी. टी. उषा 400 मीटर अडथळ्यांत चौथी आली. सेकंदाच्या शंभराव्या भागाने कांस्य गेलं. हे आपल्या पिढीला जन्मभर पुरलं आहे. योग्यच आहे, उषा मोठीच होती.

त्याच वर्षी इंग्लंडला स्टोक मँडेविलला पॅरालिम्पिक झाली. (अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने पैशाअभावी ऐनवेळी माघार घेतली, म्हणून व्हीलचेअरचे सामने पुन्हा गुटमनच्या त्या रुग्णालयाच्या गावी आले.) तिथे भीमराव केसरकर यांनी भालाफेकीत रौप्य जिंकलं. जोगिंदर सिंग बेदींनी गोळाफेकीत रौप्य आणि भाला व थाळीत कांस्य, अशी तीन पदकं जिंकली. एकूण चार पदकं.

हात वर करा, किती जणांनी केसरकर हे नाव आज पहिल्यांदा वाचलं? मीही हे नाव शोधून काढलं ते पन्नाशीच्या जवळ आल्यावर. चौथ्या क्रमांकाची हळहळ आपल्याला पाठ आहे आणि दुसऱ्या क्रमांकाचं नाव ठाऊक नाही.

2004 ला अथेन्समध्ये पुन्हा तेच. राज्यवर्धन राठोडच्या रौप्यपदकाने पहिली पानं भरली. त्याच शहरात, महिन्याभराने, देवेंद्र झाझरियाने भाला 62.15 मीटर फेकला. सुवर्ण, वर जागतिक विक्रम. सरकारने त्याला अर्जुन पुरस्कार दिला हे मान्य करायला हवं. पण चार वर्षांनी, 11 ऑगस्ट 2008 ला अभिनव बिंद्राने सुवर्ण जिंकलं तेव्हा टीव्हीवर दिवसभर एक वाक्य फिरत होतं, "भारताचं पहिलं वैयक्तिक सुवर्ण". ऑलिम्पिकपुरतं ते शंभर टक्के खरं आहे. पण बोलताना 'ऑलिम्पिक' हा शब्द हळूच गळायचा आणि नुसतंच "भारताचं पहिलं" उरायचं. पेटकर तेव्हा हयात होते. आपल्या घरात बसून त्यांनी ते वाक्य ऐकलं असेल का, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

पडद्यावरचा लंगडा आणि आंधळा

आता कलेकडे वळतो, कारण खेळाची बातमी लिहिणारा माणूसही सिनेमे बघूनच मोठा झालेला असतो.

सर्वात बोलकी गोष्ट ललिता पवारांची. येवल्याच्या. चाळीसच्या दशकाच्या सुरुवातीला त्या नायिका होत्या. 1942 ला एका प्रसंगाच्या चित्रणात मास्टर भगवान यांनी मारलेली थप्पड जोरात बसली. चेहऱ्याला पक्षाघात झाला, डाव्या डोळ्याला कायमचं व्यंग राहिलं. काही वर्षांनी परतल्या तेव्हा नायिकेची कामं संपली होती. तो बारीक झालेला डोळा दुष्ट सासूला शोभतो असं ठरलं. पुढे रामानंद सागरांच्या 'रामायण'मध्ये मंथराही त्याच. बाईंचा अभिनय थोरच होता, 'अनाडी'तली मिसेस डिसा बघा, किती मायाळू आहे. पण काम देणाऱ्यांचं गणित असं की डोळा वाकडा म्हणजे मन वाकडं. कामाच्या जागी अपघात झालेल्या बाईला त्या अपघाताचीच खूण कपटाची खूण म्हणून मिरवावी लागली. आणि आपण सगळ्यांनी तिला मनसोक्त शिव्या दिल्या.

दूरदर्शनच्या 'महाभारत'मधला शकुनी लंगडत यायचा. तेव्हा मी शाळेत होतो. सोमवारी वर्गात माझं नाव काय पडलं असेल ते सांगायला नको.

दुसरा साचा बिचाऱ्याचा. 'दोस्ती' (1964) मधले एक पांगळा आणि एक आंधळा असे दोन मित्र. सिनेमा गाजला, लोक धाय मोकलून रडले. 'जगाच्या पाठीवर'मधली सीमाबाईंची आंधळी मुलगी घ्या. चांगली माणसं, पवित्र माणसं, दुःखी माणसं. मंथरा आणि ही मुलगी एकमेकींच्या उलट वाटतात, पण दोघींमध्ये एक गोष्ट सारखीच आहे. दोघींचं शरीर हे त्यांच्या स्वभावाचं पाटीवर लिहिलेलं नाव आहे.

हा साचा मोडला तो आपल्याच एका बाईने. सई परांजपे यांचा 'स्पर्श'. नसीरुद्दीन शाहचा अंध मुख्याध्यापक चिडतो, प्रेमात पडतो, अहंकारी वागतो, चुकतो. दिल्लीच्या अंधशाळेत चित्रण झालं, तिथल्या खऱ्या मुलांनी कामं केली. त्या मुलांना पडद्यावर दंगा करताना बघून मला पहिल्यांदा वाटलं, हां, हे आमच्यासारखे आहेत.

मग मराठीत 'चौकट राजा' आला, 1991. दिलीप प्रभावळकरांचा नंदू. मी रडलो, तुम्हीही रडला असाल. त्या सिनेमाने पुष्कळ घरांतल्या नंदूंना दार उघडून दिलं. पण नंदूचं काम करायला नंदू मिळेल, हा विचार तेव्हा कुणाच्या मनात आला नाही. तो यायला 2014 उजाडलं. 'यलो'मध्ये पुण्याची गौरी गाडगीळ, डाऊन सिंड्रोम असलेली जलतरणपटू, स्वतःचीच भूमिका स्वतः करते. राष्ट्रीय पुरस्कारात तिची खास दखल घेतली गेली. खेळ आणि कला एकाच मुलीत एकत्र आले आणि दोन्हीकडे ती स्वतःच होती.

याच्या कितीतरी आधी सुधा चंद्रन यांनी हे केलं होतं. 1981 च्या अपघातानंतर पाय गेला, जयपूर फूट लावून त्या नाचल्या, 'मयुरी' आणि 'नाचे मयूरी'मध्ये स्वतःच उभ्या राहिल्या. पण मला त्यांची जास्त कौतुकाची गोष्ट वेगळी वाटते. पुढे 'कहीं किसी रोज़' मालिकेत त्या रमोला सिकंद झाल्या. कपटी, भरजरी, भली मोठी टिकली लावणारी. त्या पात्राला पायाची काहीच गोष्ट नव्हती. आमच्या घरातल्या बायका "काय बाई ही रमोला" म्हणून तिचा राग राग करायच्या, आणि तो राग तिच्या कपटाचा असायचा, पायाचा नाही. ललिता पवारांपासून इथवर यायला साठ वर्षं गेली.

माझं कात्रण

आता माझी छोटीशी गोष्ट. मी कॅरम चांगला खेळायचो. 1993 च्या सुमारास जिल्ह्याच्या खुल्या स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेलो. तिसऱ्या सेटला शेवटच्या बोर्डात क्वीन घेतली, कव्हर चुकलं, सामना गेला. त्या रात्री झोप लागली नाही. आजही तो फटका मला दिसतो.

दोन दिवसांनी एका वर्तमानपत्रात माझा फोटो. मथळा होता, "अपंगत्वावर मात करून कॅरममध्ये भरारी". फोटोत मी खुर्चीत, आणि फोटोग्राफरने खाली वाकून असा कोन धरलेला की कॅलिपर पुढे आणि कॅरमबोर्ड मागे. बातमीत माझ्या आईचे कष्ट होते, पोलिओ कितव्या वर्षी झाला ते होतं. मी कुणाशी खेळलो, किती गुणांनी हरलो, काही नव्हतं. मी हरलो हेसुद्धा नव्हतं. बातमीपुरता मी जिंकलो होतो, अपंगत्वावर.

आणि कॅरम बसून खेळतात हो. माझ्या पायाचा आणि त्या खेळाचा काडीचा संबंध नव्हता.

वडिलांनी ते कात्रण फ्रेम करून भिंतीवर लावलं. त्यांना खरोखर अभिमान वाटत होता, म्हणून मी काही बोललो नाही. वडील गेले, फ्रेम अजून आहे. पण पुढच्या वर्षी मी स्पर्धेला गेलो नाही. घरच्यांना वाटलं अभ्यासामुळे. खरं कारण असं की हरलो तरी टाळ्या पडणार आणि जिंकलो तरी त्याच टाळ्या पडणार, हे मला कळून चुकलं होतं. मग सराव कशासाठी करायचा?

मला वाटतं, या सगळ्या प्रकरणात खरं नुकसान हे आहे. दया दाखवल्याने अपमान होतो, तो सहन होतो, सवय असते. पण हरण्याचा हक्क काढून घेतला की खेळच संपतो.

शीतलचा तो व्हिडिओ

पॅरिस 2024. जम्मूच्या शीतल देवीचा व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पाहिला, पुढे पाठवला. दोन्ही हात नसलेली सतरा वर्षांची पोरगी पायाने धनुष्य धरून, खांद्याने दोरी ओढून बरोबर मधल्या पिवळ्या ठिपक्यात बाण मारते. माझ्या फोनवर तो किमान वीस जणांनी पाठवला.

वीस जणांपैकी एकालाही विचारलं की तो सामना कुठला, तर उत्तर नव्हतं. तो सामना शीतल हरली होती. चिलीच्या मारियाना झुनिगाकडून, 137 विरुद्ध 138. एका गुणाने! केवढा थरार आहे हा. त्याआधी मानांकन फेरीत तिने 703 गुण केले होते आणि तुर्कीच्या खेळाडूने 704. तिथेही एकच गुण. पुढे राकेश कुमारबरोबर मिश्र सांघिक कांस्य मिळालं. हे सगळं सोडून जगाने एक बाण घेतला आणि "आपण कसल्या तक्रारी करतो!" असं लिहून पुढे पाठवला.

स्टेला यंग नावाची ऑस्ट्रेलियाची व्हीलचेअर वापरणारी पत्रकार आणि विनोदी कलाकार होती, 2014 ला वारली. तिने हेच बोट ठेवून दाखवलं होतं, की धडधाकट माणसाला आपलं आयुष्य बरं वाटावं म्हणून अपंगांच्या फोटोंचा वापर होतो. मी त्याला आपल्या भाषेत प्रेरणेचं दुकान म्हणतो. माल आमचा, गिऱ्हाईक तुम्ही, आणि आम्हाला विचारलेलंच नाही.

करगणीचा गोळा

पॅरिसमध्येच आपल्या जिल्ह्याने पदक आणलं. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी, 16.32 मीटर, गोळाफेकीत रौप्य. सोनं गेलं कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्टला, 16.38 मीटरवर. सहा सेंटिमीटर. बोटाच्या लांबीएवढं अंतर. पुरुषांच्या गोळाफेकीत भारताला पदक मिळालं ते चाळीस वर्षांनी. चाळीस वर्षांपूर्वी कुणाला मिळालं होतं? जोगिंदर सिंग बेदींना, 1984 ला. त्यांना आपण विसरलो नसतो तर ही केवढी सुंदर बातमी झाली असती.

माझ्या हाती आलेल्या बातम्यांत शाळेत असताना हाताला झालेला अपघात सविस्तर होता. पण नावापुढे एफ-46 असं लिहिलेलं, ते काय असतं हे एकाही ठिकाणी सांगितलेलं मला दिसलं नाही. सांगायला चार ओळी लागतात. टी म्हणजे धावपट्टी आणि उड्या, एफ म्हणजे मैदानी फेकी. दहाच्या घरातले आकडे दृष्टीचे, विशीतले बौद्धिक, तिशीतले स्नायूंच्या ताळमेळाचे, चाळिशीतले हातपाय आणि उंचीचे, पन्नाशीतले बसून खेळणाऱ्यांचे, साठीतले कृत्रिम पाय लावणाऱ्यांचे. 46 म्हणजे हाताचं अपंगत्व, उभं राहून फेक. झालं.

त्याच महिन्यांत कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य जिंकलं, तेव्हा गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून अशा तीन स्थितींतून गोळ्या कशा मारतात हे आपल्या बातमीदारांनी लोकांना छान समजावलं. खेळ समजावला की प्रेक्षक तयार होतो. वर्गवारी समजली नाही तर माणसाला वाटतं, "यांना काय, दहा जणांत दहा पदकं." आकड्यांबद्दलही प्रामाणिक राहू. पॅरिसला भारताची ऑलिम्पिकमध्ये 6 आणि पॅरालिम्पिकमध्ये 29 पदकं आली, पण पॅरालिम्पिकमध्ये 549 पदकस्पर्धा होत्या आणि ऑलिम्पिकमध्ये 329. म्हणून "आमचे 29, तुमचे 6" अशी बढाई मारण्यात अर्थ नाही. पण रिओमध्ये 4, टोकियोत 19 आणि पॅरिसला 29, ही वाढ मात्र खरी आहे आणि ती घामाची आहे.

शब्द बदलले, पुढे?

आमच्यासाठीचे शब्द सारखे बदलत आलेत. लुळा-पांगळा, अपंग, विकलांग, आणि डिसेंबर 2015 च्या 'मन की बात'नंतर दिव्यांग. महाराष्ट्रात तर दिव्यांग कल्याण विभागच स्वतंत्र झाला. काहींना हा शब्द आवडतो, काहींना नाही. माझ्यापुरतं सांगतो, मला अपंग म्हणा, चालतं. माझ्या पायात दिव्य काही नाही, पावसाळ्यात नुसता ठणकतो. पण शब्दावरून भांडण्यात मला रस नाही. "दिव्यांग असूनही" लिहिलं काय आणि "अपंग असूनही" लिहिलं काय, खोट 'असूनही'मध्ये आहे.

8 जुलै 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावर निकाल दिला. 'आंख मिचोली' चित्रपटाविरुद्ध निपुण मल्होत्रा यांनी केलेली याचिका होती. न्या. चंद्रचूड आणि न्या. पारडीवाला यांच्या पीठाने सांगितलं की अपंगत्वाविषयीची समज वाढवणारा विनोद वेगळा आणि अपंगांना कमी लेखणारा विनोद वेगळा. दाखवताना वैद्यकीय माहिती तपासा, पीडित-ग्रस्त असले शब्द टाळा, आणि ज्यांच्याबद्दल दाखवताय त्यांना सामील करून घ्या. एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात 'चंदू चॅम्पियन', हा निकाल आणि पॅरिस, तिन्ही आले.

'चंदू चॅम्पियन'बद्दल मी कृतज्ञ आहे, त्याने आमच्या भागाला पेटकर दिले. पण त्या वेळच्या बातम्या आठवा. कार्तिक आर्यनने किती चरबी घटवली, काय खाल्लं, शरीर कसं कमावलं. 37.33 सेकंदांपेक्षा नायकाच्या पोटाच्या वळ्यांवर जास्त शाई खर्च झाली.

मागणी साधी आहे

आपल्यातले बरेच जण स्थानिक बातमीदार आहेत, यूट्यूब चॅनेल चालवतात, मंडळाचं पेज सांभाळतात. म्हणून थेट सांगतो. पुढच्या वेळी तुमच्या तालुक्यातला एखादा अपंग खेळाडू किंवा कलाकार दिसला, तर आधी निकाल लिहा, आकडा लिहा, प्रतिस्पर्ध्याचं नाव लिहा. त्याला सरावाबद्दल विचारा, मार्गदर्शक कोण ते विचारा, पैसे कुठून येतात ते विचारा, जिथे सराव करतो तिथे जिन्याशिवाय आत जाता येतं का ते विचारा. हरला असेल तर हरला लिहा आणि का हरला ते लिहा. अपघात, पोलिओ, आईचे कष्ट हे सगळं लिहायला हरकत नाही, ते त्याच्या आयुष्यात आहेच. फक्त ते तिसऱ्या परिच्छेदात येऊ द्या.

आणि वाचणाऱ्यांना एक काम. आपापल्या गावातली अशी विसरलेली नावं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. कुणीतरी 1980 च्या दशकात परदेशी जाऊन आलेला असेल, कुणी अंध शाळेतून रेडिओवर गायलेला असेल. नाव, साल, खेळ किंवा कला, एवढं लिहून काढा. पेटकर पेठला जन्मले आणि आम्हाला पन्नाशीत कळले. आता आमच्या शाळेत त्यांचं नाव पोरांना पाठ आहे. परवा पुतण्या मला विचारत होता, "काका, 37.33 म्हणजे फास्ट असतं का?" मी म्हटलं, चल, तलावावर जाऊ, घड्याळ घे.

त्याला सव्वा मिनिट लागलं. तेही दोन्ही पाय मारून.